स्थान अनोळख : गाव शोधून देणाऱ्या साधनाचे टिपण कोणी लिहावे?

‘मु. पो. अमडापूर, ता. चिखली, जि. बुलढाणा’ ही पोस्टकार्डाच्या उजव्या बाजूस लिहिली जाणारी ओळ आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यामागचा विचार सहसा लक्षात येत नाही. अमडापूर नावाचे गाव अन्यत्रही असू शकेल, हे ती ओळ गृहीत धरते. म्हणून तालुका सांगते. चिखली या नावावर एकाच गावाची मालकी नाही, हेही ती जाणते. एक चिखली पिंपरी-चिंचवडमध्ये आहे, दुसरी गुजरातेत नवसारी जिल्ह्यात आहे. म्हणून ती जिल्हाही सांगते. पत्र नेणारा माणूस अपरिचित असेल, त्याने हे गाव पाहिलेले नसेल, आणि वाटेत शंका आली तर लिहिणाऱ्याकडे परत येऊन त्याला विचारता येणार नाही, एवढा सगळा विचार त्या दोन-तीन संक्षेपांत सामावलेला आहे. वाचणाऱ्याच्या अज्ञानाची लिहिणाऱ्याने आधीच घेतलेली काळजी, अशी पत्त्याची व्याख्या करता येईल.

या ओळीला अलीकडे एक नवा वाचक लाभला आहे. ज्याला ‘एआय एजंट’ म्हणतात तो हा वाचक. कृत्रिम बुद्धिमत्तेचे भाषिक प्रारूप केवळ प्रश्नांची उत्तरे देऊन न थांबता माणसाच्या वतीने कामे करू लागले, की त्यास एजंट म्हणतात. तो हवामान पाहतो, तिकीट काढतो, अर्ज भरतो, जवळचा दवाखाना शोधतो. यांपैकी जवळजवळ प्रत्येक कामाच्या आधी त्याला एक प्रश्न सोडवावा लागतो, तो म्हणजे माणसाने उच्चारलेले गाव नेमके कोणते? त्यासाठी त्याच्या हाती एक साधन दिलेले असते. नाव द्यावे आणि स्थान घ्यावे, एवढेच त्या साधनाचे काम. आणि त्या साधनासोबत काही ओळींचे टिपण असते : हे साधन काय करते, केव्हा वापरावे, त्याला काय द्यावे, त्याच्याकडून काय मिळते.

प्रस्तुत लेखाचा विषय ते टिपण हा आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि अध्यापकांपुढे हा विषय मांडण्याचे धाडस आम्ही करतो, याचे कारण साधे आहे. एजंटला साधनाचे अंतरंग दिसत नाही. त्याच्यापुढे असतात ते साधनाचे नाव, त्यास द्यावयाच्या गोष्टींची यादी आणि त्यांचे वर्णन करणाऱ्या त्या चार ओळी. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाचा जो खुला संकेत जाहीर केला, त्यातही प्रत्येक साधनाचे नाव आणि साध्या भाषेतील वर्णन यांची योजना आहे. आजवर यंत्राकडून काम करून घ्यायचे तर यंत्राची भाषा शिकावी लागत असे. आता यंत्र आपले गद्य वाचते आणि त्याला जसा अर्थ लागेल तसे वागते. वाक्य संदिग्ध असेल तर कृतीही संदिग्ध होते. म्हणजे हा गद्यलेखनाचाच प्रश्न झाला, आणि गद्याचा प्रश्न अभियंत्यांवर सोपवून साहित्याच्या अभ्यासकांनी अलिप्त राहावे, हे आम्हांस पटत नाही.

अमडापूरचेच उदाहरण घेऊ. चिखली-खामगाव रस्त्यावरचे, टेकडीवरील बल्लाळदेवीच्या मंदिरामुळे पंचक्रोशीस ठाऊक असलेले हे गाव. समजा, तेथील एका शेतकऱ्याने दसऱ्याच्या सुमारास आपल्या फोनवर विचारले : ‘अमडापुरात उद्या पाऊस आहे का? सोयाबीन सोंगून ठेवलंय.’ एजंट ते गाव शोधण्यासाठी साधनाकडे वळतो. साधनाचे टिपण एका ओळीचे आहे : ‘स्थळाचे नाव द्या, अक्षांश-रेखांश मिळतील.’ एजंट नाव रोमन लिपीत लिहितो. त्या लिपीत अगदी याच अक्षरांनी लिहिले जाणारे एक गाव तेलंगणात हैदराबादजवळ मोइनाबाद मंडलात आहे, आणखी एक निजामाबाद जिल्ह्यात बोधनकडे आहे. साधन कोणत्या तरी हिशेबाने त्यांतले एक वर काढते, एजंट ते घेतो, त्या ठिकाणचे हवामान पाहतो आणि नम्रपणे कळवतो की उद्या आकाश निरभ्र राहील. साधन बिघडले नव्हते. हवामानाचा अंदाजही त्या दुसऱ्या गावापुरता बरोबर होता. एजंटने टिपणाप्रमाणेच केले. चूक कोणाचीच नाही आणि सोयाबीन मात्र भिजले.

अशा प्रसंगी दोष लिपीचा, आधारसामग्रीचा की प्रारूपाचा, यावर तज्ज्ञ वाद घालतील. आमच्या मते दोष त्या एका ओळीचा आहे. ‘नाव द्या, स्थान मिळेल’ या वाक्यात एक असत्य दडलेले आहे. ते असे, की एका नावाला एकच स्थान असते.

मराठी मुलुखात तरी हे कधीच खरे नव्हते. एकट्या बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा आहे, देऊळगाव मही आहे, देऊळगाव साकर्षा, देऊळगाव माळी आणि देऊळगाव घुबे आहे. जळगाव म्हटले की साऱ्या महाराष्ट्रास खानदेशातले जळगाव आठवते. पण बुलढाण्यात, घाटाखालच्या एखाद्या गावी, ‘जळगावला जाऊन येतो’ म्हणणारा माणूस बहुधा जळगाव जामोदकडे निघालेला असतो. सिंदखेड राजा याच जिल्ह्यात, तर शिंदखेडा धुळे जिल्ह्यात. राज्यभर पसरलेली बुद्रुक आणि खुर्द ही जोडपी तर मोजण्यापलीकडची. अशा नावांचा दुसरा शब्द हा अलंकार नसून ओळखीचा भाग आहे. बोलताना आपण तो गाळतो, कारण ऐकणारा आपल्या भागातला असतो. एजंट कोणत्याच भागातला नसतो.

लिपीचा मुद्दाही किरकोळ नाही. चिखली-खामगाव मार्गावर उंद्री हे गाव आहे. पुण्याच्या दक्षिणेस उंड्री हे उपनगर आहे. देवनागरीत द आणि ड यांचा भेद डोळ्यांना स्पष्ट दिसतो. रोमन लिपीत दोन्हींचे स्पेलिंग एकच होते. आपण ज्या भेदाच्या बळावर दोन गावे वेगळी ठेवली, तो भेद एजंटने लिप्यंतर करताक्षणी पुसला जातो. ल आणि ळ यांचीही तीच गत. जिल्ह्याचे नाव तर देवनागरीतही दोन तऱ्हांनी लिहिले जाते, बुलडाणा आणि बुलढाणा. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी सारण्यांत ते ‘ह’विना आहे, इतरत्र ‘ह’सह. शोधणाऱ्याने एक रूप दिले आणि नोंद दुसऱ्या रूपात असली, तर साधनाने काय करावे, हे कोणी तरी लिहून ठेवायला हवे.

मग विभक्ती येते. मराठीत गावाचे नाव उघडे-बोडके क्वचितच भेटते. ते अमडापुरात, अमडापूरला, अमडापूरहून असे प्रत्यय लावून येते. आणि ‘पुरात’ म्हणताना ‘पू’ ऱ्हस्व होतो. पुणे पुण्यात होते, सातारा साताऱ्यात होतो. ही सामान्यरूपाची घडी प्राथमिक शाळेतल्या मुलालाही उलगडते. पण साधनाच्या शोधयंत्रास ‘अमडापुरात’ ही अक्षरे जशीच्या तशी दिली, तर त्यास काहीही सापडणार नाही किंवा भलतेच सापडेल. मूळ नाव करून द्यावे, एवढे एक वाक्य टिपणात असले की हा घोटाळा टळतो. हे वाक्य ज्याने मराठी व्याकरण शिकवले आहे त्यालाच सुचेल.

काळाचाही गुंता आहेच. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जुन्या सातबाऱ्यावर, प्रमाणपत्रावर, कादंबरीत आणि आजीच्या बोलण्यात जुने नाव राहणारच. उलट, लीळाचरित्रातील ‘मेघंकर’ म्हणजे आजचे मेहकर, हे साहित्याच्या विद्यार्थ्यास सांगावे लागत नाही. साधनास मात्र सांगावे लागेल.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. नावांची ही भानगड हवीच कशाला? प्रत्येक गावास एक संकेतांक द्यावा आणि यंत्रांनी अंकांतच बोलावे. हा आक्षेप जुना आहे आणि त्याच्या मुळाशी, गंमत म्हणजे, एक कवी आहे. भारतातील पिनकोडची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातील अधिकाऱ्याने आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती अमलात आली. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते, न लागणारे हस्ताक्षर या अडचणींवर तो उतारा होता. हे वेलणकर संस्कृतचे नामवंत कवी. त्यांच्या विलोमकाव्यात सरळ वाचल्यास रामकथा आणि उलट वाचल्यास कृष्णकथा निघते. एकाच अक्षरमालिकेतून दोन अर्थ काढणाऱ्या कवीनेच एका अंकमालिकेतून एकच अर्थ निघावा अशी व्यवस्था लावली, हा योग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. शब्दांची द्व्यर्थकता किती खोल असते, हे त्यांना नेमके ठाऊक असणार.

परंतु पिनकोड गावाचा नसून टपालाच्या वाटपाचा आहे, हे विसरून चालत नाही. चिखलीचा पिन ४४३२०१. तेव्हा ४४३ म्हणजे बुलढाणा असे कोणी ठरवून टाकले, तर खामगाव (४४४३०३) आणि शेगाव (४४४२०३) ही याच जिल्ह्यातील मोठी गावे त्याच्या हिशेबी जिल्ह्याबाहेर जातील. कारण ४४४ हे अंक अकोला-अमरावतीकडचे. टपालाचा नकाशा आणि महसुलाचा नकाशा हे दोन वेगळे नकाशे आहेत. पंचायतराज मंत्रालयाच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’त गावोगावचे संकेतांक आहेत, जनगणनेचे स्वतंत्र आहेत, आणि टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेल्या ‘डिजिपिन’मध्ये तर साधारण चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनास दहा अक्षरांकांची ओळख आहे. ही सारी व्यवस्था मोलाची आहे. तरीही कोणताही शेतकरी आपल्या गावाचा संकेतांक सांगून पाऊस विचारणार नाही. माणूस नावानेच विचारणार. नावापासून संकेतांकापर्यंतचा रस्ता कोणी तरी वाचूनच काढावा लागणार. संकेतांक हा त्या वाचनाचा शेवट आहे. वाचन कसे करावे, हे तो सांगू शकत नाही.

अंकांतही भाषा शिरतेच, याचा एक नमुना पाहा. अमडापूरचा अक्षांश सुमारे २० आणि रेखांश सुमारे ७६. काही प्रणाली आधी अक्षांश लिहितात, काही आधी रेखांश; नकाशांच्या देवाणघेवाणीसाठी रूढ असलेल्या ‘जिओजेसन’ या मांडणीत रेखांश आधी येतो. क्रम कोणता, हे टिपणात नसेल आणि एजंटने उलटा क्रम धरला, तर अमडापूर नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहालगतच्या बर्फाळ समुद्रात जाऊन पडते. दोन्ही आकडे अचूक असूनही कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल झाल्यासारखा हा प्रकार आहे.

आता आमच्या मूळ प्रतिपादनाकडे वळतो. न पाहिलेले स्थान दुसऱ्यास सापडावे म्हणून लिहिलेले गद्य मराठीस नवे नाही. ते मराठी गद्याच्या आरंभकाळातच आहे. चक्रधरस्वामी यादवकाळात या मुलुखात हिंडले. मेहकर आणि लोणार ही बुलढाणा जिल्ह्यातील गावेही त्या वाटेवर होती. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी जमवल्या. पुढे त्यांच्या अनुयायांपुढे असा प्रश्न आला, की स्वामी जेथे बसले, जेथे राहिले, जेथे जेवले, ती स्थाने पुढच्या पिढीला कशी सापडावीत? त्यातून स्थानपोथी सिद्ध झाली. गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ, त्याचे तोंड कोणीकडे, दार कोठे, त्या स्थानापासून दुसरे स्थान कोणत्या बाजूस, असे तपशील देत ती पोथी एकेका गावातून पुढे जाते. बुलढाणा जिल्ह्यातच मलकापूर तालुक्यातील नरवेल येथे १९०८ साली जन्मलेल्या डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली स्थानपोथी मराठीच्या अभ्यासकांस परिचित आहे; तिच्यावर भाषेच्या, धर्मेतिहासाच्या आणि स्थलनामांच्या अंगाने बरेच लिहिले गेले आहे. सूचनात्मक गद्य म्हणून तिचा विचार मात्र आता करावा, असे आम्ही सुचवतो.

कारण त्या गद्यात दोन गुण आहेत. पहिला असा, की वाचणारा तेथे कधी गेलेला नाही, हे ते क्षणभरही विसरत नाही. ‘त्या प्रसिद्ध देवळापाशी’ अशी मोघम भाषा तेथे चालत नाही. दुसरा गुण अधिक महत्त्वाचा. जे स्थान ओळखता आले नाही, त्याची ‘अनोळख’ म्हणून नोंद करण्याची त्या पोथीची रीत आहे. भाविकांसाठी लिहिलेल्या ग्रंथात असे लिहिणे सोपे नसावे. जवळचे एखादे देऊळ दाखवून देणे सहज शक्य होते. वंदन करणाऱ्याचे समाधानही झाले असते. परंतु खोट्या स्थानी केलेले वंदन त्यांना वंदन वाटले नाही. लीळाचरित्राच्या परंपरेतही एका लीळेविषयी निरनिराळ्या सांगणाऱ्यांच्या निरनिराळ्या आठवणी असतील, तर ‘वासना’ म्हणून त्या नोंदवल्या जातात, शोधाअंती हाती आलेले ‘शोधु’ म्हणून नोंदवले जाते. एकच पाठ पुढे करून बाकीचे दडवले जात नाहीत.

एजंटसाठी लिहावयाच्या टिपणास याहून चांगला वस्तुपाठ आम्हांस ठाऊक नाही. या यंत्रांचा मोठा दोष अज्ञानाचा नसून उत्तर देण्याच्या हौसेचा आहे. त्यांना ‘ठाऊक नाही’ म्हणण्याची वाट आपण लिहून दिली नाही, तर ती बहुधा जवळचे देऊळ दाखवून मोकळी होतात. म्हणून साधनाच्या टिपणात ‘अनोळख’ हे उत्तर सन्मानाने नोंदवलेले असले पाहिजे.

केवळ तत्त्व सांगून थांबणे बरे नव्हे. गाव शोधून देणाऱ्या साधनाचे टिपण मराठीत कसे असावे, याचा एक मसुदा आम्ही पुढे ठेवतो :

‘या साधनास भारतातील गावाचे नाव दिल्यास त्या नावाशी जुळणारी सर्व गावे मिळतात. एकच गाव मिळेल असे गृहीत धरू नये. नाव वापरणाऱ्याने ज्या लिपीत लिहिले त्याच लिपीत द्यावे. लिपी बदलू नये. नावास प्रत्यय लागला असल्यास मूळ नाव द्यावे. ‘अमडापुरात’ असे आल्यास ‘अमडापूर’ द्यावे. बुद्रुक, खुर्द, राजा, मही असा दुसरा शब्द आला असल्यास गाळू नये. तालुका आणि जिल्हा वापरणाऱ्याने सांगितला असेल तरच द्यावा. अंदाजाने भरू नये. प्रत्येक गावासोबत तालुका, जिल्हा, राज्य, शासकीय संकेतांक, आणि आधी अक्षांश व नंतर रेखांश मिळेल. एकाहून अधिक गावे मिळाल्यास आणि त्यांमुळे पुढील कामाचे उत्तर बदलत असल्यास, वापरणाऱ्यास तालुका विचारावा. आधीच्या बोलण्यावरून गाव निश्चित होत असल्यास विचारू नये, मात्र कोणते गाव धरले ते उत्तरात सांगावे. ‘अनोळख’ असे उत्तर आल्यास तेच उत्तर समजावे. मिळतेजुळते नाव घेऊन पुढे जाऊ नये. वाडी, वस्ती, तांडा आणि शेतशिवार यांची नोंद या साधनात नाही. पिनकोडवरून जिल्हा ठरवण्यासाठी हे साधन वापरू नये. ‘गावी’, ‘आमच्याकडे’, ‘घाटाखाली’ असे शब्द या साधनास देऊ नयेत. त्यांचा अर्थ वापरणाऱ्याकडूनच समजून घ्यावा.’

शेवटच्या सूचनेविषयी दोन शब्द. पुण्यात राहणारा माणूस ‘गावी पाऊस झाला का’ असे विचारतो, तेव्हा त्याचे गाव म्हणजे तो बसला आहे ती जागा नव्हे. स्थान ओळखणारी अनेक साधने फोनच्या इंटरनेट जोडणीवरून अंदाज बांधतात; तो अंदाज फार तर एखाद्या शहरापर्यंत पोहोचतो, आणि तेही दूरचे असू शकते. ‘गाव’ हा मराठी शब्द मात्र अनेकदा जेथे आपण नाही त्याच जागेचा असतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोक ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे म्हणून सारा जिल्हा दोन भागांत वाटतात; बुलढाणा, चिखली, मेहकर वर, तर मलकापूर, खामगाव, शेगाव खाली. या विभागणीस कोणताही संकेतांक नाही. तरी ऊन-पाऊस, पीक, बोली यांविषयी ती बरेच काही सांगून जाते. जे संकेतांकात मावत नाही ते नाहीच असे यंत्राने धरू नये, एवढी तरी सूचना आपण लिहून ठेवावी.

मसुद्यातील ‘वापरणाऱ्यास विचारावा’ या वाक्यावर कोणी म्हणेल, की प्रत्येक वेळी प्रश्न विचारणारा मदतनीस कोणालाच नको असतो. ‘पुणे म्हणजे कोणते पुणे?’ असे विचारणाऱ्यावर कोणीही वैतागेल. हे आम्हांस मान्य आहे, म्हणूनच मसुद्यात अट घातली आहे. दोन्ही गावांचे उत्तर एकच असेल, तर विचारण्याचे कारण नाही. उत्तर बदलत असेल, तर न विचारणे हा सभ्यपणा नव्हे. चिखलीच्या बसस्थानकावर अपरिचित माणूस ‘देऊळगावची गाडी कोणती?’ असे विचारतो, तेव्हा ‘कोणते देऊळगाव?’ हाच प्रश्न त्याला ऐकू येतो, आणि त्याचा कोणालाही राग येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रारूपे दिवसेंदिवस हुशार होत आहेत, उद्या ती संदर्भावरून आपोआप ओळखतील, मग या टिपणांचा खटाटोप कशासाठी? सोयाबीन सोंगल्याचा उल्लेख ऐकून चिखली तालुक्यातील अमडापूर ओळखणारा एजंट येईलही. नव्हे, आजही कित्येकदा असे घडते. परंतु हुशारी वाढली की चुका विरळ होतात आणि ओळखू येईनाशा होतात. शंभर वेळा बरोबर गाव सांगणाऱ्यावर एकशे एकाव्या वेळी कोण शंका घेणार? शिवाय त्या हुशारीचे खाद्य म्हणजे जगात लिहून ठेवलेला मजकूर. पुणे-मुंबईविषयी तो उदंड आहे, अमडापूरविषयी अत्यल्प, आणि मराठीतून तर त्याहून कमी. ज्याविषयी कमी लिहिले गेले त्याच्या बाबतीत अंदाज जास्त चुकणार, हे उघड आहे. म्हणजे टिपणातील निष्काळजीपणाचा भुर्दंड मोठ्या शहरांना पडत नाही. तो नेमका लहान गावांना पडतो, आणि पीकविमा, रुग्णवाहिका, पुराचा इशारा यांची गरज पडते तेव्हा पडतो.

जिल्ह्याविषयी लिहून ठेवण्याची परंपरा आपल्याकडे आहे. ब्रिटिश काळात, १९१० साली, ए. ई. नेल्सन यांच्या संपादनाखाली बुलढाणा जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. १९७६ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याची नवी आवृत्ती काढली. पहिल्याचा वाचक कारभार पाहणारा अधिकारी होता, दुसऱ्याचा अभ्यासक. त्या वाचकांसाठी ते ग्रंथ पुरेसे होते, कारण त्यांना स्वतःची बुद्धी वापरता येत होती आणि प्रत्यक्ष गावात जाऊन चौकशीही करता येत होती. नव्या वाचकाला गावात जाता येत नाही, चावडीवर विचारता येत नाही. जे लिहिले असेल तेवढेच त्याचे जग.

म्हणून आमची सूचना अशी आहे. विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी ‘स्थलटिपण’ हा लेखनाभ्यास हाती घ्यावा. एका विद्यार्थ्याने एक तालुका घ्यावा. बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. एका वर्गाचे एका सत्राचे हे काम आहे. प्रत्येक गावाचे लेखी रूप, बोलीतील रूप, सामान्यरूप, जुने नाव, सारख्या नावाची अन्य गावे, त्यांच्यातला भेद सांगण्याची लोकांची रीत, गावात मोडणाऱ्या वाड्या-तांड्यांची नावे, आणि ज्या नावाची खातरजमा झाली नाही त्यापुढे ‘अनोळख’ ही नोंद, एवढे त्यात असावे. सोबत स्थानपोथीतील पाचदहा पाने वर्गात वाचावीत. व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात आपण अर्ज, जाहिरात आणि वृत्तलेखन शिकवतो. त्या यादीत या प्रकाराची भर पडण्यास काही हरकत नसावी. ही टिपणे खुली ठेवली, तर कोणत्याही कंपनीच्या साधनास ती वापरता येतील. ‘ओपनस्ट्रीटमॅप’सारख्या लोकांनी घडवलेल्या नकाशात गावांची मराठी नावे भरण्याची सोय आजही आहे.

हे काम मराठीच्या अभ्यासकांनी केले नाही, तर ते होणार नाही असे मुळीच नाही. ते होईल, पण उंद्री आणि उंड्री यांतला भेद ज्याच्या कानाला कधी जाणवला नाही, अशा कोणाकडून, इंग्रजीत, एका ओळीत होईल. ती ओळ लाखो वेळा वाचली जाईल आणि दर वेळी तिच्याप्रमाणे कृती घडेल. इतका आज्ञाधारक वाचक मराठी गद्याला यापूर्वी कधी मिळाला नव्हता. त्याच्यासाठी लिहिताना स्थानपोथीकाराइतकी काळजी घेणे आपल्याला जमेल का, एवढाच प्रश्न उरतो.